सिग्नलच्या अर्जावरची सही

आमच्या शेताच्या कडेच्या दगडावर तांबडा रंग दिसला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. बोट लावून बघितलं, तर बोटाला लागला. म्हणजे आत्ताच कुणीतरी लावून गेलं होतं.

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या पुढं, वेंगुर्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या एका अंगाला आमचं घर आहे आणि दुसऱ्या अंगाला शेताचा तुकडा. फार मोठा नाही. पावसाळ्यात रताळी, मग मेथी, कोथिंबीर, मुळा. शेताला लागून पूर्वी मोकळा माळ होता. तिथं आता लेआऊट झालाय. चार मजल्यांच्या बिल्डिंगा, मागं बंगले, पुढं कमान आणि कमानीत वॉचमनची खोली. ही कमान आमच्या बांधाला चिकटूनच रस्त्यावर उघडते. ती रुंद करायला बिल्डरला आमची रस्त्याकडची पट्टी हवी होती. त्यानं दोनदा माणसं पाठवली, मी दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून परत लावून दिलं.

म्हणून तो रंग बघून मला आधी बिल्डरच आठवला. मी बेळगावात एका वकिलांकडं कारकून होतो, सगळी नोकरी तिथंच काढली. त्या कामानं माणसाला एक खोड लागते. समोरचा नुसता हसला, तरी हा आता कशावर सही मागणार, असं वाटत राहतं. जमिनीच्या किती फायली मी सुतळीनं बांधल्या असतील त्याला हिशेब नाही, आणि त्यातल्या बऱ्याच अशाच सुरू झालेल्या. कुणीतरी येतं, दगडाला रंग लावून जातं, आणि मालकाला वर्षभरानं कळतं.

रस्त्याच्या पलीकडं तिघं जण टेप धरून उभे होते. त्यांच्यातला एक इंजिनिअर दिसत होता, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. मी त्याला कन्नडमधून विचारलं, हे काय चाललंय? तो तरुण माणूस हसून मराठीत म्हणाला, "सिग्नल बसतोय सर. चालणाऱ्या लोकांसाठी. खांबावर बटण असणार. दाबलं की गाड्या थांबतात, माणसं पलीकडं जातात."

"रस्ता रुंद होणार काय?"

"नाही हो. रंग फक्त मापाचा आहे."

"कुणी मागितला सिग्नल?"

"अर्ज आलाय की. तुमच्याच गावच्या बाईंचा." त्यानं फाईल उघडली, एका कन्नड कागदावर बोट ठेवलं आणि नाव वाचलं. मग घराचा नंबर वाचला.

नाव माझ्या बहिणीचं होतं. घर आमचं.

आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन तीन वर्षं झाली नाहीत तोवर तिचा नवरा गेला. ती माहेरी आली ती कायमची. मला तिनंच अंघोळ घालून शाळेत पाठवलं, आणि माझं लग्न झाल्यावरही घर तिच्याच शब्दावर चालत राहिलं. चौथीपर्यंत शिकली, मराठीतून. सही करते, पण आडनावापर्यंत पोचायला पेन दोनदा उचलते. कन्नड झकास बोलते, कारण बाजारात भाजी घेऊन बसायची. वाचता मात्र एक अक्षर येत नाही. आणि वडिलांच्या मागं शेताच्या उताऱ्यावर दोन नावं लागली, तिचं आणि माझं.

आता कन्नड न वाचता येणाऱ्या म्हातारीची सही कन्नड कागदावर आहे, तिचं शेत बिल्डरच्या कमानीला लागून आहे, आणि घरात कुणालाच पत्ता नाही. मी वकिलांकडं असतो तर एवढ्यावरच म्हटलं असतं, जमीन गेली.

घरी आलो तेव्हा आक्का परसात मेथी निवडत बसली होती. माझी बायको शेजारी कपडे वाळत घालत होती.

"आक्का, तू हल्ली कुठल्या कागदावर सही केलीस काय गं?"

"मी? कसली सही?" तिनं वर बघितलं नाही. "पेन्शनची केली असंल. पोस्टात."

"पेन्शनची न्हाय. दुसरी. कुणी कन्नड कागद आणून दिला काय?"

"न्हाय रं. मला कोण कागद देतंय?"

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली होती. ती माझ्याशी खोटं बोलत होती. आयुष्यात पहिल्यांदाच, असं मला वाटलं. मग पुढचा विचार आला, पहिल्यांदा कशावरून?

रस्त्यानं आमच्या घराचं काय केलं होतं ते इथं सांगायला हवं. हा रंग लागण्याच्या दोन पावसाळे आधी, रताळ्याची लावण चालली असताना, आक्का सकाळी शेतात जायला निघाली आणि कमानीसमोर तिला एका दुचाकीनं उडवलं. बसस्टॉपवरची माणसं धावत आली तोवर गाडी पसार झाली होती. मांडीचं हाड मोडलं, आत सळी घातली. ती आजही काठीशिवाय चालत नाही. पोलिसात तक्रार मीच लिहून दिली. आक्का एवढंच सांगायची, "मागनं कायतर आलं न मी पडले. काय दिसलं न्हाय." म्हणून मी लिहिलं, पाठीमागून आलेल्या अज्ञात दुचाकीने. गाडी सापडली नाही आणि चौकशी तिथंच थांबली.

मी मात्र थांबलो नव्हतो. लेआऊटमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीच्या पुढच्या मडगार्डकडं मी बघायचो. चेपलंय का, नवीन बसवलंय का. माझ्या डोक्यात ते लोक सगळेच गुन्हेगार होते.

सिग्नलचे खड्डे काढले तसं बसस्टॉपवर बोलणं सुरू झालं. एक जण म्हणाला, वर कॅमेरा असणार, हेल्मेट नसलं की घरी चिठ्ठी येणार. दुसरा म्हणाला, इतकी वर्षं आमची पोरं जीव मुठीत धरून शाळेला गेली तेव्हा कुणी खांब रोवला नाही, आता फ्लॅटवाले आले न सिग्नल आला, त्यांच्या गाड्या सुखानं बाहेर काढायला. बटणाचं तर कुणाला खरंच वाटत नव्हतं. आपण बटण दाबायचं आणि वाळूचा ट्रक थांबायचा?

अर्ज माझ्या घरातून गेलाय, हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात मी जाऊन शेताचा उतारा काढला. दोन्ही नावं जागच्या जागी होती. कशाची नोंद चढलेली नव्हती. पण त्यानं समाधान होईना. नोंद चढायला वेळ लागतो, हे मला माहीत होतं. मग माहिती अधिकारात त्या अर्जाची नक्कल मागितली आणि वाट बघत बसलो.

वाट बघता बघता मी आक्कावर नजर ठेवायला लागलो. हे लिहिताना लाज वाटते, पण ठेवत होतो. घराच्या ओट्यावरून पेपर वाचल्यासारखं करायचं आणि पलीकडं शेतात बघायचं.

रोज साधारण आठच्या सुमाराला कमानीतून एक उंच, वाळका माणूस बाहेर यायचा. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. बांधावर येऊन उभा राहायचा. आक्का त्याला भाजी द्यायची. भाजी पिशवीत गेली तरी तो जायचा नाही. बांधावरच्या दगडावर बसायचा आणि दोघं बोलत राहायची. एकदा तर त्यानं काठी धरून तिला पाटापलीकडं नेलेलं मी बघितलं.

वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "ते मास्तर. कन्नड हायस्कूलात होते. एकटेच असतात, मुलगा हुबळीला."

झालं. माझ्या मनात सगळं जुळलं. बिल्डरनं दोनदा माणसं पाठवून उपयोग झाला नाही, म्हणून आता हा सभ्य दिसणारा मास्तर पुढं केला. म्हातारीशी गोड बोलायचं, सिग्नलच्या नावाखाली सही घ्यायची, मागच्या पानावर काय आहे ते कुणाला कळणार?

एका सकाळी मी मुद्दाम रस्ता ओलांडून गेलो. मला बघताच दोघांचं बोलणं थांबलं. मास्तर उभे राहिले.

"तुम्ही रोज येता," मी म्हणालो.

"हां. भाजी ताजी मिळते."

"एकट्या माणसाला रोज एवढी भाजी लागते?"

आक्काकडं बघितलं त्यांनी. मदत मागितल्यासारखं.

आक्का म्हणाली, "गिऱ्हाईक हाय माझं. तू कशाला मधी पडायलास? जा घरला, नाष्टा गार व्हायला लागलाय."

मी घरी आलो. नाष्टा केला नाही.

खांब उभे राहिले. कंत्राटदाराची माणसं वायर ओढत होती, रस्त्यावर पांढरे पट्टे मारत होती. आणि एक दिवस नकलेचं पाकीट आलं.

कन्नड मला बोलता येतं, वाचताही येतं, पण अक्षर अक्षर लावत. त्यातून हा अर्ज हातानं लिहिलेला. अक्षर मात्र सुरेख होतं, छापल्यासारखं. मी दार लावून खाटेवर बसलो आणि बोट ठेवून वाचायला लागलो. आधी मागचं पान बघितलं. मागं काही नव्हतं. जमिनीचा कुठं शब्द नव्हता. शेवटी सह्या होत्या. पहिली आक्काची, मराठीत, मध्ये दोन ठिकाणी तुटलेली. तिच्याखाली लेआऊटमधल्या बऱ्याच जणांच्या. अगदी कोपऱ्यात, अर्ज लिहून देणार म्हणून मास्तरांचं नाव आणि फ्लॅटचा नंबर.

म्हणजे अर्ज खरंच सिग्नलचा होता. मला हायसं वाटायला हवं होतं. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, आणि मधल्या परिच्छेदात अडकलो.

तिथं आक्काच्या अपघाताचं वर्णन होतं. अर्जदार बाई डोक्यावर रताळ्याच्या वेलाच्या पेंढ्या घेऊन रस्ता ओलांडत होत्या. अर्ध्यापर्यंत गेल्यावर एक पेंढी खाली पडली. ती उचलायला त्या उलट वळल्या, उचलून पुन्हा शेताकडं तोंड केलं, आणि त्याच वेळी कमानीतून बाहेर आलेल्या दुचाकीनं त्यांना समोरून धडक दिली.

मी ते तीनदा वाचलं. शब्द चुकत असेन म्हणून बायकोला हाक मारणार होतो, पण तिला कन्नड वाचता येत नाही. समोरून. उलट वळल्या. कमानीतून. यातलं काहीच पोलिसांच्या कागदात नव्हतं. आक्कानं मला कधी सांगितलं नव्हतं. बसस्टॉपवरची माणसं नंतर आलेली. पेंढी पडली हे तिथं असलेल्या माणसालाच माहीत असणार, आणि तिथं दोघंच होती, काही न दिसलेली आक्का आणि तो गाडीवाला.

मी कागद घडी करून खिशात घातला आणि शेतात गेलो. आक्का वाफ्याला पाणी सोडत होती.

"तो मास्तर गाडी चालवत होता व्हय?" मी विचारलं.

तिनं खोरं खाली ठेवलं. पाण्याला वाट करून दिली. मग काठी टेकत बांधावर येऊन बसली.

"कुणी सांगिटलं?"

"त्यानंच. अर्जात लिहिलंय."

"लिहिलं व्हय त्यानं?" तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "मी घरात चालाय लागले त्याच्या पुढच्या महिन्यात आला. हितंच आला. हात जोडून उभा राहिला न म्हणाला, आक्का, मीच हुतो. मला पोलिसात द्या."

"मग?"

"मग काय? मला आधीच ठाऊक हुतं. तोंड बघितलं हुतं की मी त्याचं."

"तू मला म्हणालीस, मागनं आली. काय दिसलं न्हाय."

"तुला सांगिटलं असतं तर तू काय केलं असतंस? कोर्ट. तारखा. मला काठी टेकत पायऱ्या चढायला लावल्या असत्यास. तुला ते आवडतंय, मला न्हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी त्याला म्हणाले, माझा पाय काय परत येत न्हाय. हितं रोज माणसं जात्यात, पोरं जात्यात, त्याचं कायतर कर. तुला लिहाय येतंय न्हवं, लिही. वर्षभर हेलपाटे घातले त्यानं. या ऑफिसातनं त्या ऑफिसात."

"आणि सुटला."

"असंल."

"आक्का, त्याला भ्या वाटलं म्हणून त्यानं हे केलं. तुझं तोंड बंद ठेवायला."

"तेबी असंल," ती म्हणाली. "मला खांबाशी काम."

मी म्हणालो, पोलिसात जाणार. माझ्याकडं आता कागद आहे.

"जा की. पर सही माझी लागंल, न मी देणार न्हाय."

दोन वर्षं मी तिच्यासाठी मडगार्डं तपासत होतो, आणि ती त्याच माणसाला मेथी देत होती. मला राग त्याचा जास्त आला की तिचा, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मास्तरांच्या फ्लॅटवर गेलो. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि बाजूला झाले. कशासाठी आलात, हे विचारलं नाही. खोलीत एक टेबल, खुर्च्या, भिंतीला लावलेली पुस्तकं. त्यांनी पाणी आणून ठेवलं.

"घाईत होता काय त्या दिवशी?" मी विचारलं. मला वाटत होतं, ते काहीतरी कारण सांगतील. बायकोचं आजारपण, औषध, काहीतरी. आणि मग मला ते खोटं ठरवता येईल.

"नाही. दुधाला निघालो होतो. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं नाही." मराठी सावकाश बोलत होते, शब्द निवडून. "गाडी थांबवली. उतरलो. बाई माझ्याकडं बघत होत्या. माणसं पळत येताना दिसली आणि मी बसून निघून गेलो. ते का केलं ते मला माहीत नाही. नंतर गाडी विकली."

"आक्कानं तुम्हाला सोडलं. मी सोडलेलं नाही."

"बरोबर आहे."

"मला हे लिहून द्या. सहीनिशी."

त्यांनी मान हलवली, टेबलाच्या खणातून कागद काढला. "कन्नडमध्ये चालेल?"

मी हो म्हणालो. ते लिहीत होते आणि मी त्यांच्या हाताकडं बघत होतो. तेच सुरेख अक्षर, अर्जातलं. पान भरल्यावर खाली सही केली, तारीख घातली, मला वाचून दाखवू का विचारलं. मी नको म्हणालो. खाली येताना जिन्यातच उभं राहून मी सगळं पान अक्षर अक्षर लावत वाचलं. काही गाळलं नव्हतं.

तो कागद मी कारकुनीच्या दिवसांतल्या सवयीनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. आक्काला सांगितलं नाही.

सिग्नल सुरू झाला त्या सकाळी कमानीवर मोठा फलक लागला होता. बिल्डरचा फोटो, हात जोडलेला, आणि मराठीत व कन्नडमध्ये लिहिलेलं की नागरिकांच्या सुरक्षेसाठी आमच्या प्रयत्नांना यश. अर्जावर त्याची सही नव्हती, हे त्या गर्दीत मला आणि मास्तरांनाच ठामपणानं माहीत होतं. मी आक्काला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लावू दे की." मास्तर गर्दीच्या मागं उभे होते. फुलं वाहून झाली, भाषण झालं, पेढे वाटले, आणि मग कुणीच बटणापाशी जाईना. सगळे एकमेकांकडं बघत होते. शेवटी आक्काच काठी टेकत पुढं झाली आणि अंगठ्यानं बटण दाबलं, अंगठा उठवतात तसं जोर देऊन. काही झालं नाही. मागून कुणीतरी हसलं. मग दिवा बदलला, आणि सावंतवाडीकडून आलेली बस करकचून थांबली. आक्का पांढऱ्या पट्ट्यांवरून निघाली. पलीकडं पोचेपर्यंत मी तिच्याकडं बघितलंच नाही. मी गाड्यांकडं बघत होतो, यातली कोण मध्येच सुटते ते.

आता लोकांना सवय झालीय. शाळेची पोरं बटण तीन-तीनदा दाबतात. वीज गेली की बंद पडतो. लाल असताना निघून जाणारे आहेतच. पण आक्का म्हणते, निम्मे थांबले तरी बास.

मागच्या उन्हाळ्यात मास्तरांचा मुलगा हुबळीहून टेम्पो घेऊन आला. ते फ्लॅट रिकामा करून त्याच्याकडं राहायला गेले. जाण्याआधी घरी आले, पहिल्यांदाच. आक्कानं त्यांना रताळी बांधून दिली. बायकोनं चहा केला. मी खुर्चीत बसून वाट बघत होतो. आता हा तो कागद परत मागणार. आक्का आत गेली की हळूच मागणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

आक्का दोनदा आत गेली. दोन्ही वेळा ते माझ्याशी बोलले, एकदा पावसाबद्दल आणि एकदा त्या खांबावरच्या हिरव्या दिव्याचा वेळ म्हाताऱ्या माणसांना कमी पडतो, त्याचा अर्ज मी आता करावा याबद्दल. आधीच्या अर्जाची कागदपत्रं त्यांनी माझ्याकडं देऊन ठेवली. मग चप्पल घालून गेले.

त्यांनी मागितला नाही. मागितला असता तर मला बरं वाटलं असतं. कपाट उघडलं की तो कागद दिसतो. फाडावा असं वाटलेलं नाही, आणि कुणाला दाखवावा असंही नाही. हिरव्या दिव्याचा अर्ज मात्र मी लिहून काढलाय. आक्काची सही आधीच घेऊन ठेवली. तिनं ती करण्याआधी मला सगळा वाचून दाखवायला लावला, दोनदा.